मुलीचे मामा कुठायत?

"मुलीचे मामा कुठायत? मुलीला घेऊन या," असं गुरुजी माइकवर म्हणाले आणि हॉलमध्ये तीन-चार सेकंद कुणी हललंच नाही. मागच्या डिसेंबरातली गोष्ट, सांगलीतलं लग्न, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं. मैत्रिणीला एकच भाऊ होता, तो 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेला. लग्नाची तयारी चार महिने चाललेली, रुखवतात काय मांडायचं इथपासून वऱ्हाडाच्या चहात साखर किती इथपर्यंत सगळं तिने स्वतः बघितलेलं, आणि नेमकी ही एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. किंवा तिच्या आली असेल आणि तिने तोंडातून काढली नसेल. मुलगी आत गौरीहरापाशी बसलेली, हातात तांदूळ, आणि बाहेर अंतरपाट धरून दोघं उभे. मी मैत्रिणीकडे बघितलं, ती समोर बघत होती, कुठेच नाही अशी. मग तिसऱ्या रांगेतून त्यांच्या शेजारचे काका उठले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली, चपला खुर्चीखाली सारल्या आणि कुणाला काही न विचारता आत गेले. मुलीचा हात धरून बाहेर आले. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता पडल्या, जेवणं झाली, मठ्ठा फार छान होता, सगळं नेहमीसारखं.

पण ते तीन-चार सेकंद माझ्या डोक्यातून गेलेच नाहीत.

रात्री घरी येताना गाडीत मला एकदम विंडरमियर आठवलं. नवरा म्हणाला, आत्ता कुठे विंडरमियर, आणि मलाही लगेच सांगता येईना. माझी धाकटी बहीण मँचेस्टरला असते, तिच्याकडे दीड महिना राहायला गेले होते तेव्हा एका शनिवारी आम्ही त्या गावी गेलो होतो. तळं, डोंगर, ओल्या दगडाच्या भिंती, मेंढ्या, आणि पाऊस, आपल्या आंबोलीला लागतो तसा, थांबायचं नावच नाही. बहिणीचा मुलगा कंटाळला, सगळ्यांचे बूट भिजले, म्हणून आडोशाला गावातल्या लायब्ररीत शिरलो. आत हीटर चालू होता, ओल्या जॅकेटांचा वास सुटलेला. आणि तिथे भिंतीभर फोटो आणि मजकूर. मला आधी वाटलं गावाचा इतिहास असेल, बोटी, टुरिस्ट वगैरे. वाचायला लागले तर पहिलाच शब्द ऑशविट्झ, हिटलरच्या लोकांनी जिथे ज्यूंना मारलं ती छावणी. मला कळेना ह्या हिरव्यागार गावाचा ऑशविट्झशी काय संबंध. बहीण आणि मुलगा कॉमिक्सच्या कपाटाशी गेले आणि मी तिथेच उभी राहिले, तासभर असेन.

संबंध असा की 14 ऑगस्ट 1945 ला प्रागहून ब्रिटिश हवाई दलाची दहा बॉम्बर विमानं सुमारे तीनशे पोरं घेऊन कार्लाइलजवळच्या धावपट्टीवर उतरली. तेरेझिनच्या नाझी छावणीत जिवंत सापडलेली ज्यू पोरं. ब्रिटिश सरकारने एक हजार अनाथ मुलांना यायची परवानगी दिली होती, सोळा वर्षांखालच्या, आणि तीही तात्पुरती, पुढे दुसऱ्या देशात जायचं ह्या बोलीवर, खर्च सगळा तिथल्या ज्यू समाजाने करायचा. आणि हजार मुलं सापडली नाहीत. सगळ्या तुकड्या मिळून 732 झाली. हा आकडा मी परत परत वाचला. परवानगी हजाराची आणि देता येत नाहीयेत कारण लहान मुलं जिवंत राहिलेलीच नव्हती, छावणीत पोचल्या पोचल्या लहानांना आणि म्हाताऱ्यांना आधी मारायचे. त्यातही काहींनी वय कमी करून सांगितलेलं. छावणीत जगायचं म्हणून वाढवून सांगितलं होतं, आता इंग्लंडला जायचं म्हणून कमी करून. पुढे ह्या सगळ्यांना "द बॉइज" म्हणजे "पोरं" असंच नाव पडलं. त्यात ऐंशीएक मुलीही होत्या, पण नाव पोरंच राहिलं, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

रात्री उशिरा बसने त्यांना तळ्याकाठच्या कॅल्गार्थ नावाच्या वसाहतीत आणलं. युद्धात तिथे समुद्री विमानांचा कारखाना होता, त्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या. आता तिथे शाळा आहे. प्रत्येकाला स्वतःचा पलंग, पांढरी धुतलेली चादर. आणि पांढरा ब्रेड. काहींना तो केक वाटला. जेवणाच्या टेबलावर ब्रेड आला की दोन मिनिटांत गायब, पोरं उचलून धावत जायची आणि गादीखाली लपवायची. सांभाळणारे सांगायचे अरे अजून आहे, संध्याकाळी परत मिळेल, उद्याही मिळेल. पोरांना पटत नव्हतं आणि का पटावं. ते पटायला बरेच दिवस गेले. माझी आई 72 च्या दुष्काळात नऊ वर्षांची होती, दुष्काळी कामावर आजीबरोबर जायची, सुकडीच्या रांगेत उभी राहायची, आणि अजूनही पिठाचा डबा तळाला गेला की तिला रात्री झोप लागत नाही, सकाळी सहाला पिशवी घेऊन गिरणीपाशी उभी. हे मी तराजूत घालत नाहीये. दुष्काळात पाऊस पडला नव्हता, माणसांनी ठरवून माणसं मारली नव्हती. पण गादीखालचा ब्रेड वाचताना मला आईचा डबा दिसला, त्याला मी काय करू.

दुसऱ्या दिवशी 15 ऑगस्ट. जपान शरण आलं म्हणून सगळ्या इंग्लंडात सुट्टी, नाचगाणी. ह्या पोरांचा त्या देशातला पहिला दिवस तो.

त्या भिंतीवर एका मुलाची गोष्ट होती ती मी घरी येऊन पुढे वाचत गेले, बहिणीकडे रात्री फोनवर, मग इथे आल्यावर. बेन हेल्फगॉट. पोलंडमधल्या पिओत्रकूफ गावातला. वडिलांची पिठाची गिरणी. जर्मनांनी पोलंडमधली पहिली घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, ह्याच गावात केली, ऑक्टोबर 1939 ला, तेव्हा बेन दहा वर्षांचासुद्धा नव्हता, नोव्हेंबरात दहा पूर्ण झाली. वडील घेट्टोत चोरून पीठ आणायचे, पकडले गेले तर जीव जायचा. बेनला काचेच्या कारखान्यात काम मिळालं आणि तेच त्याचं आयुष्य वाचवणारं ठरलं, कारण ऑक्टोबर 1942 मध्ये आठ दिवसांत गावातली जवळजवळ 22,000 माणसं रेल्वेगाडीत भरून ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारायला नेली. ज्यांच्याकडे कामाचा पास होता ती उरली आणि काही लपून राहिलेली. बेनची आई आणि धाकटी बहीण लुसिया लपलेल्यांपैकी होत्या. डिसेंबरात सापडल्या. गावाबाहेरच्या राकूफच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. लुसिया आठ वर्षांची होती.

पुढचं मी भराभर सांगते कारण सावकाश सांगवत नाही. 1944 च्या शेवटी बेन आणि वडील बुखेनवाल्डच्या छावणीत, तिथे दोघांची ताटातूट, बेन श्लीबेनला रणगाडाविरोधी शस्त्रांच्या कारखान्यात, तिथून तेरेझिन. मे 1945 ला रशियन सैन्य आलं आणि छावणी सुटली. वडिलांना युद्ध संपायच्या काही दिवस आधी गोळी घातली, तेरेझिनकडे चालवत नेत असताना ते पळायचा प्रयत्न करत होते. काही दिवस. मुलगा त्याच तेरेझिनमध्ये होता.

आणि मग जे घडलं त्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. सुटल्यावर पंधरा वर्षांचा बेन नात्यातल्या एका भावाला घेऊन घरी निघाला, पोलंडला, कुणी परत आलंय का बघायला. वाटेत चेन्स्टोहोवाला पोलिश गणवेशातल्या दोन माणसांनी ह्यांना गाठलं, कडेला नेलं, पिस्तूल काढलं. जर्मन गेलेले, युद्ध संपलेलं, छावणीतून जिवंत आलेली दोन पोरं आणि त्यांना मारायला निघालेत त्यांच्याच देशाचे लोक. शेवटी काय वाटलं कुणास ठाऊक, पोरं आहेत म्हणून सोडलं. आपण "सुटका झाली" असं एका ओळीत म्हणतो ना, पुस्तकात तो धडा तिथे संपतो. ह्या मुलाला मात्र घर नावाची जागाच परत मिळाली नाही. तो उलटा फिरला आणि मग विंडरमियर.

विंडरमियरला पोरं सायकली शिकली, तळ्यात चड्डीवर पोहली, फुटबॉल खेळली, इंग्लिश शिकली, गावात सायकलवर बोंबलत फिरली. वाचायला बरं वाटतं. पण त्याच दिवसांत रेड क्रॉसकडून याद्या आणि पत्रं यायची, कोण सापडलं कोण नाही. तळ्याकाठी ऊन पडलेलं, पोरगं ओल्या केसांनी धावत आलेलं आणि ऑफिसात त्याला कुणीतरी सांगतंय की तुझं कुणी नाही. बहुतेकांना हेच ऐकावं लागलं. बेनचं नशीब थोडं वेगळं, त्याची मधली बहीण माला बर्गन-बेल्सनच्या छावणीतून वाचली होती, स्वीडनला होती, 1947 ला ती इंग्लंडला आली. आई, बाप, धाकटी, सगळं गेलं आणि एक बहीण राहिली.

मग लंडन. ह्या पोरांसाठी तिथे प्रिमरोज क्लब नावाचा एक क्लब निघाला, चालवणाऱ्यांमध्ये पॉल मायर, स्वतः जर्मनीतून निसटून आलेले ज्यू, खेळांचा माणूस, सगळे त्यांना योगी मायर म्हणायचे. संध्याकाळी पोरं जमायची, टेबल टेनिस, नाच, भांडणं, प्रेमं. आणि साधारण 1948 ला बेन हॅम्पस्टेडच्या माळावर फिरत होता, तिथे काही माणसं वजनं उचलत होती, हा उभा राहून बघत होता, मग म्हणाला मी करून बघू का. ते म्हणाले लागेल तुला. ह्याने उचललं.

इथे मी थांबले होते, म्हणजे वाचताना खरंच फोन बाजूला ठेवला. दहा ते पंधरा हे वय म्हणजे काय असतं हे आपल्याला घरात दिसतं की, माझ्या भाच्याला दर चार महिन्यांनी नवीन पँट लागते, शाळेतून आला की उभ्या उभ्या सहा पोळ्या. नेमकी तीच वर्षं ह्या मुलाने उपाशी काढलेली. हाडं वाढायची, खांदे भरायचे ती वर्षं. आणि तो निवडतो काय तर वजन उचलणं. पळणं नाही, ज्यात लांब जाता येतं. जमिनीवर पाय घट्ट रोवायचे आणि डोक्यावर धरून उभं राहायचं, पंच हो म्हणेपर्यंत. मी ह्याचा उगाच अर्थ काढत असेन. त्याला आवडलं म्हणून त्याने केलं, एवढंही असू शकतं. पण 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकला ब्रिटनच्या वेटलिफ्टिंग टीमचा कॅप्टन तो होता, 1960 ला रोमलाही तोच, आणि मधे 1958 ला कार्डिफच्या कॉमनवेल्थमध्ये ब्राँझ. ज्या देशाने तात्पुरती परवानगी दिली होती त्याचाच कोट अंगात घालून.

कार्डिफ 1958 म्हटल्यावर आपल्याला दुसरं नाव आठवतं, आठवायलाच हवं. मिल्खा सिंग. 440 यार्डांचं सोनं. तेच मेलबर्न, तेच कार्डिफ, तेच रोम, दोघंही तिन्ही ठिकाणी. फाळणीत आईबापांना डोळ्यांदेखत मारलेलं, गाडीतून दिल्लीला आलेला, निर्वासितांच्या छावणीत राहिलेला मुलगा. एक पोलंडचा आणि एक पंजाबचा, वयात फार अंतर नाही, आणि एकाच गावात एकाच आठवड्यात खेळतायत, एक धावपट्टीवर, एक चौथऱ्यावर. हे लक्षात आलं तेव्हा मी बहिणीला रात्री साडेअकराला उठवून सांगितलं होतं. ती म्हणाली उद्या सांग. पण मला तेव्हाच सांगायचं होतं, कारण आपण मिल्खा सिंगांची गोष्ट ऐकतो ती पळण्याची, पदकाची, आणि छावणी हा त्या गोष्टीचा पहिला पाच मिनिटांचा भाग असतो. खरं तर छावणी संपते कुठे. ती माणसाबरोबर सगळीकडे जाते, मेलबर्नलाही जाते.

आता लग्नाकडे येते, कारण गाडीत आठवलं ते हे.

पन्नासच्या दशकात ह्या पोरांची लग्नं व्हायला लागली. लग्न म्हटलं की आपल्याकडे काय होतं, दोन बाजू, ह्यांचे कोण किती आले, त्यांचे कोण रुसले. ह्यांच्यातल्या बहुतेकांची एक बाजू रिकामी. बाप नाही, काका नाही, मामा नाही, आत्या नाही. मग त्या बाजूला जाऊन कोण उभं राहिलं तर हीच पोरं. छावणीत शेजारच्या फळीवर झोपलेला, विमानात मांडीला मांडी लावून बसलेला, विंडरमियरला ब्रेड वाटून घेतलेला, तो नवऱ्यामुलाचा भाऊ म्हणून उभा. पुढे मुलं झाली तर मुलांना आजी-आजोबा नाहीत, तर हेच काका, हेच मामा. 1963 ला त्यांनी रीतसर संस्था काढली, पंचेचाळीस सालच्या नावाने, बेन अनेक वर्षं तिचा अध्यक्ष. दरवर्षी मे महिन्यात, सुटकेच्या दिवसांत, सगळे जेवायला जमायचे, बायकामुलांसकट, मग नातवंडांसकट. आणि नुसतं जमून थांबले नाहीत, पैसे गोळा करून दुसऱ्यांना मदत केली. बेनचं तर आणखी एक, ज्या पोलंडमध्ये त्याच्या डोक्याला पिस्तूल लावलं होतं तिथे तो परत परत गेला, पोलिश आणि ज्यू लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. मला हे जमलं नसतं. मी प्रामाणिकपणे सांगते, कुणी माझ्या आठ वर्षांच्या बहिणीला जंगलात नेलं असतं तर त्या गावाच्या वाटेलाही गेले नसते. त्याच्या ह्या गोष्टीपाशी येऊन मी दर वेळी अडते, आदर वाटतो आणि आत कुठेतरी रागही येतो, एवढं मोठं मन का लागावं माणसाला.

2015 ला, सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्यांच्या मुलानातवंडांनी गोधड्या शिवल्या. तुकडे जोडून. एका माणसाचा एक तुकडा, त्यावर कुणी बापाचं दुकान काढलंय, कुणी आईच्या गावाचं नाव, कुणी फोटो कापडावर छापून घेतलाय. आपल्याकडे गोधडीत आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर असं घरातलं जुनं कापड जातं. ह्यांच्या घरात जुनं कापड नव्हतंच, सगळं तिकडे राहिलेलं, कपडेसुद्धा काढून घेतलेले. म्हणून प्रत्येक तुकडा मुद्दाम तयार करावा लागला. जुनी गोधडी नव्याने शिवायची म्हणजे काय काम असेल. बेनला 2018 ला सर किताब मिळाला आणि जून 2023 ला तो गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन, बायको, तीन मुलगे, नातवंडं असं भरलेलं घर मागे ठेवून. मालालाही दोन मुलं. म्हणजे 732 जणांच्या त्या सगळ्या गोतावळ्यात त्या दोन मुलांना खराखुरा, रक्ताचा मामा होता. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, माझं मलाच सुचलं, त्या सांगलीहून येतानाच्या गाडीत, आणि मग नवऱ्याला सगळं सांगत बसले, अंकलीचा पूल कधी गेला कळलं नाही.

मैत्रिणीला मी ह्यातलं काही बोलले नव्हते. तिला काय सांगणार, की तुझ्या मुलीच्या लग्नात मला बुखेनवाल्ड आठवलं? लग्नानंतर आठवड्याने तिचा फोन आला होता, आहेराची यादी करताना रडत होती, म्हणाली मामाचा म्हणून जो पोशाख आणून ठेवला होता, म्हणजे मी आणला होता गं, कुणाला सांगितलं नव्हतं, भावाच्या मापाचा, तो कपाटातच आहे. म्हणजे तिच्या डोक्यात होतं. मला तेव्हा कळलं की त्या तीन-चार सेकंदांत ती कुठे बघत होती. मी विचारलं काकांना दिलास का. म्हणाली, दिला, त्यांनी घेतला नाही, म्हणाले ताई त्याचा आहे तो, राहू दे, मला टॉवेल-टोपी द्या बास. मग टॉवेल-टोपी दिली.

परवा पुन्हा फोन आला. मुलीला दिवस गेलेत, पाचवा लागलाय. डोहाळजेवण सातव्यात करायचं म्हणत होती, हॉल नको, घरीच. आणि हळूच म्हणाली, अगं, काका काल येऊन विचारून गेले, बारशाला मामाकडून काय काय आणायचं असतं, मला यादी करून द्या, बायको म्हणते पाळणा मामाचाच असतो. मी तिला म्हटलं पाळणा आजोळचा असतो, तू देणार तो. ती म्हणाली तेच मी सांगितलं, तर म्हणाले मग दुपटी तरी माझ्याकडून, आणि त्यांच्या बायकोने जुन्या लुगड्यांची शिवायला घेतलीसुद्धा.